सकाळी सेल्फ खाणारी, चालू झाल्यावर थरथरणारी जुनी मारुती: आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2004 सालची मारुती 800, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी), अण्णांनी हौसेनं घेतलेली, आठ-नऊ वर्षांपूर्वी बाहेरून एलपीजी किट बसवलेलं. सकाळी जुळे सोलापुरातून शाळेला निघताना तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो. चालू झाली की दीड-दोन मिनिटं अख्खी गाडी थरथरते, पाय काढला की बंद पडते. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारं तोंड) धुतली आणि एअर फिल्टर टाकला, आता तिसरा म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय, जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवू. तुम्ही विचारताय, ईसीएम बदलावा की गाडीच काढून टाकावी.

आत्ता तरी दोन्ही करू नका. मी 26 वर्षं सोलापुरात याच गाड्यांचं काम करतोय आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत ईसीएम खराब निघाल्याचं फार थोड्या वेळा बघितलंय. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटलं ते हे: गरम झाल्यावर दिवसभर तक्रार नाही. बाकीच्यांनी गाडी सकाळी काय करते एवढंच ऐकलं. दुपारी ती नीट का चालते, हे कुणी विचारलं नाही. आणि उत्तर तिथंच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'थंडीमुळे होतंय' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. बर्फ पडतो तिथली गोष्ट वेगळी. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो, फार झालं तर त्याच्या थोडा खाली. एवढ्या गारव्यात धडधाकट पेट्रोल इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालंच पाहिजे. म्हणून सोलापुरात 'थंड इंजिन' याचा अर्थ रात्रभर उभं राहिलेलं इंजिन, एवढाच घ्यायचा. आणि स्वतःला प्रश्न विचारायचा तो असा, की रात्रभर उभं राहिल्यानं गाडीत नेमकं काय बदलतं?

चार गोष्टी बदलतात. पेट्रोलच्या पाइपातला दाब उतरतो. बॅटरी आधीच कमजोर असेल तर आणखी ढिली पडते. धातू आणि रबर आकसतात, त्यामुळं पॅकिंग, नळ्या आणि वाल्व्हचे गॅप दुपारी असतात तसे सकाळी नसतात. आणि चौथी म्हणजे इंजिन थंड आहे हे ओळखून ईसीएमला जादा पेट्रोल सोडावं लागतं, ते तो एका सेन्सरच्या शब्दावर सोडतो. तुमचा दोष या चारांतच कुठंतरी आहे. प्लग पूर्ण गेला असता, कॉइल बसली असती किंवा इंजेक्टर चोंदला असता तर दुपारीही मिसिंग मारलं असतं, चढावर पिकअप पडला असता. ईसीएमचंही तसंच. तो गेला तर गाडीची वेळ बघून जात नाही.

आता कशालाही हात लावायच्या आधी एक सकाळ नुसतं बघायला द्या. मी माझ्याकडं येणाऱ्या गाडीला हेच करतो: संध्याकाळी ठेवून घेतो आणि सकाळी मीच पहिला सेल्फ मारतो. गरम गाडी घेऊन दुपारी बारा वाजता कुणी आलं आणि 'सकाळी त्रास देते' म्हणालं, तर त्या वेळी माझ्याही हाताला काही लागत नाही, आणि अशा वेळीच अंदाजानं पार्ट बदलले जातात. घरच्या घरी करायचं तर बॉनेट उघडून मोबाइल उभा ठेवा, आवाजासकट चित्रण घ्या, आणि मुलाला किंवा मिस्टरांना सायलेन्सरच्या मागं उभं करा. सेल्फ जोरात फिरतो की ओढत ओढत फिरतो? धूर आला तर काळा, निळा की पांढरा? पेट्रोलचा वास येतो का? थरथर एकाच तालात होते की मधेच होते, मधेच थांबते? एवढं समजलं तरी अर्धं काम होतं. पांढऱ्या वाफेला घाबरू नका. सकाळी सायलेन्सरमधलं पाणी उडतं, ते चालतं. पाच-सात मिनिटांनीही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ते हेड पॅकिंगचं प्रकरण, त्याची वाट वेगळी.

सेल्फ ओढत फिरत असेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या तारा दोषी. आपल्याकडं बॅटरी मरते मे महिन्यातल्या 43-44 अंशांच्या उन्हात आणि कळतं डिसेंबरात, म्हणून लोक थंडीला दोष देतात. बॅटरी नवीन असेल तर अर्थिंगची तार बघा. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला, दोन्ही टोकं सोडवून कोरड्या पॉलिश पेपरनं घासून परत आवळा. हे काम दहा मिनिटांचं आहे. व्होल्टेज फार पडलं की स्पार्कही कमजोर होतो, पंपही मंद चालतो, आणि मग दोष तिसरीकडंच दिसायला लागतो.

पण तुम्ही लिहिलंय की सेल्फ 'खळखळून फिरतो, गाडी पकडत नाही'. म्हणून पुढं जाऊ.

तुमच्या गाडीत एक सोय आहे जी नुसत्या पेट्रोलच्या गाडीत नसते, ती म्हणजे दोन इंधनं. पेट्रोलची सगळी यंत्रणा वेगळी आणि गॅसची वेगळी. इंजिन, स्पार्क आणि हवा मात्र दोघांना एकच. तेव्हा एक सकाळ पेट्रोलवर चालू करा आणि दुसरी सकाळ, जुन्या पद्धतीचं साधं किट असेल आणि स्विचवर तशी सोय असेल तर, गॅसवर. रोज गॅसवर चालू करा असं मी सांगत नाही. थंड रिड्यूसरमधून (गॅसचा दाब उतरवणारा डबा) गॅस ओढणं त्याच्या पडद्याला चांगलं नाही. पण परीक्षा म्हणून एक-दोनदा चालतं. पेट्रोलवर त्रास आणि गॅसवर नाही, तर दोष पेट्रोलच्या बाजूला: पंप, दाब, इंजेक्टर, सेन्सर. दोन्हीवर तीच थरथर असेल तर पेट्रोलचा विषयच संपला. मग उरतात हवा, स्पार्क आणि वाल्व्ह. एका रुपयाचाही पार्ट न बदलता अर्धं इंजिन यादीतून बाद होतं. किट नवीन पद्धतीचं असेल, जे आपोआप पेट्रोलवर चालू होऊन गरम झाल्यावर गॅसवर जातं, तर ही परीक्षा जमणार नाही. पण तसं असेल तर एक गोष्ट आधीच तपासा: गाडी नीट होते ती गरम झाल्यामुळं, की गॅसवर गेल्यामुळं? एखाद्या दुपारी मुद्दाम पेट्रोलवर चालवून बघा, कळेल.

पेट्रोलच्या बाजूला दोष निघाला तर सर्वांत आधी दाब. चावी फिरवली, सेल्फ मारला नाही, तरी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो पंप दाब भरतोय. पंपातला पेट्रोल मागं न जाऊ देणारा वाल्व्ह खराब असेल तर रात्रीत सगळं पेट्रोल टाकीत परत जातं, आणि सकाळी तेवढ्या दोन सेकंदांत दाब पुरा होत नाही. याची परीक्षा फुकटची आहे: चावी चालू करा, आवाज थांबला की बंद करा, असं तीन वेळा करून मग सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात पकडली तर दोष दाबाचा. गॅसवाल्या गाड्यांत हा पंप लवकर जातो, त्याचं कारणही सांगतो. गॅसवर चालवायची म्हणून लोक टाकीत पेट्रोल दोन-तीन लिटरच ठेवतात, काटा कायम रिझर्व्हला. पंप पेट्रोलात बुडून राहिला तरच थंड राहतो. उघडा पडला की तापतो, आणि आपल्याकडच्या उन्हात टाकी आधीच तापलेली असते. पाव टाकी पेट्रोल कायम राहू द्या आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा. महिनोन् महिने वापर नसला की इंजेक्टरच्या टोकाला गोंदासारखा थर धरतो, तोही याच सवयीनं टळतो.

उलटा प्रकारही असतो. इंजेक्टर थेंब थेंब गळत असेल तर रात्रीत पेट्रोल आत उतरतं, सकाळी प्लग ओले, पेट्रोलचा वास आणि चालू होताना काळा धूर. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत पाय पूर्ण दाबलेला असताना ईसीएम पेट्रोल तोडतो, आतलं जादा पेट्रोल उडून जातं आणि गाडी पकडते. पूर्ण पाय दाबून पकडते की चावी तीनदा फिरवून पकडते, यावरून पेट्रोल जास्त होतंय की कमी, हे कळतं.

आता सेन्सर. इथं मी जरा थांबणार आहे, कारण इथं फार लोक फसतात. इंजिनाच्या पाण्यात दोन सेन्सर बसवलेले असतात. एक तार असलेला डॅशबोर्डच्या काट्याचा, दोन तारांचा ईसीएमचा. काटा बरोबर दाखवतोय म्हणजे सेन्सर चांगला, असं म्हणून पुढं जातात. काट्याचा चांगला आहे, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. दोन तारांचा सेन्सर थंड असताना रोध जास्त दाखवतो आणि तापला की कमी. मारुतीत 20 अंशांना साधारण 2.2 ते 2.7 किलोओहम, 40 अंशांना 1.1-1.2 च्या जवळपास, 80 अंशांना जेमतेम 0.3. सकाळी गाडी चालू करायच्या आधी कनेक्टर काढायचा, मीटर लावायचा आणि घरातल्या तापमापकाशी ताडायचं. बाहेर 20 अंश असताना सेन्सर 0.5 दाखवत असेल तर तो ईसीएमला सांगतोय की इंजिन तापलेलं आहे. ईसीएम बिचारा जादा पेट्रोल सोडतच नाही. गाडी पकडत नाही, पकडली तर उपाशी थरथरते, आणि खरोखर गरम झाली की सेन्सरचं बोलणं वस्तुस्थितीशी जुळतं आणि सगळं सुरळीत होतं. तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत बसतं, म्हणून ईसीएमच्या आधी हा बघायलाच हवा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च.

मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर या गाडीवर बहुतेक चालणार नाही. 2004 च्या मारुतीला अशा स्कॅनरची सर्वसाधारण भाषा येत नाही, आपल्याकडं ती बरीच नंतर आली. तिचा स्वतःचा स्कॅनर असलेल्या माणसाकडं जा, किंवा चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचणारा जुना फिटर शोधा. पण एक ध्यानात ठेवा: सेन्सर पूर्ण तुटला तरच कोड येतो. तो खोटं बोलत असेल, पण शक्य वाटेल इतपतच खोटं, तर दिवा लागत नाही.

याच ठिकाणी थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) विचारून घ्या. सोलापुरात उन्हाळ्याच्या धास्तीनं थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी खोड आहे. 'गाडी गरम होणार नाही' म्हणून काढतात. इंजिन मग तापायला दुप्पट वेळ घेतं, थंडीच्या दिवसांत हायवेला तर पुरतं तापतच नाही. ईसीएम जादा पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतो. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर बघायचा. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षारांचं, तेच वर्षानुवर्षं ओतलं तर आत पांढरा थर धरणारच. कूलंट आणि शुद्ध पाणी घाला, आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

हवेचं थोडक्यात. थ्रॉटलच्या पुढं कुठूनही न मोजलेली हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं. आपल्या उन्हात 20 वर्षांची रबरी नळी काचेसारखी कडक होते. सकाळी ती आकसलेली असते, तडा उघडा असतो. तापून फुगली की तडा मिटतो. इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगचंही तेच. गाडी थरथरत असताना एकेक नळी पक्कडीला चिंधी गुंडाळून अलगद दाबा, ब्रेक बूस्टरची जाड नळी आधी. दाबल्यावर आवाज बदलून थरथर कमी झाली तर गळती त्याच वाटेवर. क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत मी घरी करायला सांगत नाही, तापलेल्या मॅनिफोल्डवर तो पेट घेतो. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा पुरतो. तुमच्या गाडीत गॅस हवेत मिसळणारा मिक्सर बसवताना हवेची वाट एकदा उघडलेली आहे, तिथले क्लिप नक्की बघा. तुमची थ्रॉटल बॉडी धुतली ते चांगलंच झालं. पण धुणाऱ्यानं थ्रॉटलचा अडवणारा स्क्रू फिरवून स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) वाढवला असेल तर तो मूळ जागी आणावा लागेल. थंड असताना रेस आपोआप मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या वर जायला हवी आणि गरम झाल्यावर 800-900 वर यायला हवी. हे काम स्लोच्या वाल्व्हचं आहे, स्क्रूचं नाही. पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या एअर फिल्टरवर मला सुताची अक्षरशः गादी सापडते. तुमचा फिल्टर नवाच आहे, त्यामुळं तो प्रश्न नाही.

स्पार्कसाठी एकच परीक्षा सांगतो. अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा, प्लगच्या तारांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा सोडा आणि हात लांब ठेवून बघा. तारेवरून निळी ठिणगी नाचताना दिसली तर ती तार बदला. बदललेल्या प्लगचा गॅप बघितला होता का, तेही विचारा. डब्यातून काढून तसेच बसवलेले प्लग मी कितीदा उतरवून परत सेट केलेत.

आता जिथं माझा संशय सर्वांत जास्त आहे तिथं येतो: टॅपेट, म्हणजे वाल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातला गॅप.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडकडून एक मारुती 800 आली होती. हुबेहूब तुमची गोष्ट. गॅसवर भरपूर चाललेली, सकाळी पकडत नाही, पकडली की हादरते, पाच मिनिटांत शहाणी होते. मालकांनी प्लग, तारा, पंप, इंजेक्टर साफ करणं, सगळं आधीच करून झालेलं. कौतुकानं सांगत होते, 'इंजिन बघा किती शांत आहे, टॅपेटचा जरासुद्धा आवाज नाही.' मी गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी सहाला सेल्फ मारला आणि नुसतं ऐकलं. तीन सिलिंडरचं इंजिन सेल्फवर फिरताना तीन सारखे ठोके देतं, प्रत्येक सिलिंडर दाबला जातो तेव्हा सेल्फ थोडा जड होतो. इथं दोन जड आणि एक हलका, दोन जड आणि एक हलका, असा लंगडा ताल होता. एका सिलिंडरात दाब धरत नव्हता. हेडचं झाकण उघडलं. एका एक्झॉस्ट वाल्व्हला गॅप मोजायच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पात लावली, तीही आत जाईना. बाकीच्या दोन एक्झॉस्टलाही ठरलेल्या मापाची पात अडकत होती.

कारण असं आहे. पेट्रोल थोडं ओलं जळतं, गॅस कोरडा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात वाल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून सीट झिजवतो आणि हळूहळू आत रुतत जातो. वाल्व्ह जेवढा रुततो तेवढं त्याचं दांड्याकडचं टोक वर येतं, आणि रॉकरशी असलेला गॅप कमी होतो. लोकांना वाटतं झिजलं की आवाज वाढतो. इथं उलटं होतं: गॅप मिटतो आणि आवाज बंद होतो. शेवटी गॅप शून्यावर आला की वाल्व्ह पूर्ण मिटतच नाही, किंचित उघडा राहतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, कुठून मिळणार?

आणि गरम झाल्यावर तो नीट का होतो? या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, वाल्व्ह पोलादाचे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं. हेड वाढतं, रॉकर वर उचलला जातो आणि मिटलेला गॅप केसभर उघडतो. वाल्व्ह सीटवर बसतो, दाब येतो, गाडी शहाणी होते. म्हणून तर मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचा गॅप आणि गरम इंजिनाचा गॅप असे दोन वेगळे आकडे असतात, आणि गरमचा आकडा मोठा असतो. त्या गाडीत एकही पार्ट बदलला नाही. सहा टॅपेट सेट केले, झाकणाचं पॅकिंग नवीन टाकलं, दुसऱ्या सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

तुमची गाडीही तशीच आहे असं इथं बसून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. किट बसवल्यापासून टॅपेट कधी तपासलेत, गाडी दिवसाला किती चालते, रात्री उघड्यावर असते की शेडमध्ये, यावर बरंच अवलंबून आहे. एकाही मेकॅनिकनं टॅपेटचं नाव काढलं नाही, एवढं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. थोडी थरथर मात्र धरून चालायची. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरसारखं गुळगुळीत कधीच चालत नाही, आणि इंजिनाच्या खालचं रबरी माउंटिंग दबलं असेल तर तेवढीच थरथर दुप्पट जाणवते.

हल्लीच्या पेट्रोलबद्दल एक शब्द, कारण तो प्रश्न रोज येतो. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याला इथेनॉल काय हे सांगायला नको, कारखानदारी दारातच आहे. इथेनॉलमुळं मिश्रण किंचित पातळ पडतं, आणि ते पाणी ओढून घेतं. एमपीएफआय गाडी हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. पण जुन्या रबरी पेट्रोल नळ्या त्यानं मऊ पडतात, त्या बदलून घ्या. आणि चार-सहा महिने तसंच पडून राहिलेलं पेट्रोल असेल तर ते काढून ताजं भरा. जी गाडी कालपर्यंत कशीबशी काठावर होती तिला इथेनॉल काठाखाली ढकलू शकतं, पण मूळ दोष वेगळाच असतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा धरा. उद्या सकाळी आवाज ऐका, सेल्फचा ताल सारखा आहे की लंगडा. चावी तीनदा फिरवून बघा. नंतरच्या सकाळी गॅसवर बघा. दोन तारांच्या सेन्सरचा रोध मोजा. अर्थिंग घासा, नळ्या दाबून बघा. हे सगळं बिनखर्चाचं किंवा शे-पाचशेतलं. यात काही सापडलं नाही, किंवा ताल लंगडा निघाला, तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन एकाच बैठकीत तपासून घ्या. तिन्ही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून मागा. एकमेकांत एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटीमीटरला) जास्त फरक नको. एक सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायला सांगा: आकडा वाढला तर पिस्टनची रिंग, तसाच राहिला तर वाल्व्ह. टॅपेट सेट करूनही आकडा येत नसेल तर वाल्व्ह जळलेला आहे, हेड उतरवावं लागेल, आणि गाडी ठेवायची की काढायची हा विचार तेव्हा करायचा. बॉडी सडलेली नसेल तर मी ठेवीन. या इंजिनाचं हेड उतरवणं काही अवघड काम नाही, पार्टही मिळतात.

टॅपेट सेट करायचं ठरलं तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला नेऊन ठेवा. सकाळी चालवत नेलीत तर इंजिन तापलेलं असेल, आणि थंडचा गॅप गरम इंजिनावर सेट झाला तर आहे तोच त्रास वाढेल. गॅप थंडच्या आकड्यांत मोठ्या बाजूला ठेवायला सांगा, कारण गॅसवर तो पुन्हा कमीच होत जाणार आहे. नंतर इंजिनातून हलका टिकटिक आवाज येईल. तो येऊ द्या, आवाज बंद करून द्या असं कुणालाही सांगू नका. आणि दर दहा हजार किलोमीटरला गॅप परत मोजून घ्या.